पोत्यातलं नत्र, दाण्यातलं प्रथिन आणि ताटातला कस



आजचं बोलणं एका मावशींच्या प्रश्नावरून सुरू करतो. इस्लामपूरला रब्बी पिकांचा एक मेळावा होता. बियाणं, खतं, पाण्याच्या पाळ्या, तांबेरा, सगळं सांगून झालं. मंडळी उठायला लागली, तेव्हा मागच्या रांगेतल्या एक मावशी पुढं आल्या आणि म्हणाल्या, "भाऊ, औंदा आमच्या थोरल्यानं गव्हाला युरिया दुप्पट टाकला. गहू झ्याक आला, चपाती बी लवते. मग ह्या गव्हात ताकद बी दुप्पट असंल का? नातू चार वर्षांचा हाय, चहा-चपातीवरच वाढतोय बघा."

मी घाईत होतो. म्हणालो, "हो मावशी, नत्र म्हणजेच प्रथिन. नत्र वाढलं की प्रथिन वाढतं." मावशी समाधानानं गेल्या. पण घरी येताना माझंच मन मला खाऊ लागलं. मी सांगितलं ते खोटं नव्हतं, पण अर्धंच होतं. आणि अर्धं उत्तर त्या चार वर्षांच्या पोराला पुरणारं नव्हतं. ते राहिलेलं अर्धं उत्तर आज तुम्हा सर्वांपुढं मांडतो. ते जसं शेताच्या कामाचं आहे, तसं चुलीच्याही कामाचं आहे. म्हणून घरातल्या बायामाणसांनीही हे पत्रक वाचावं, किंवा वाचून घ्यावं.

नत्राचं प्रथिन कसं होतं?

आपण युरियाचं 45 किलोचं पोतं आणतो. युरियात 46 टक्के नत्र असतं, म्हणजे एका पोत्यात साधारण 20 किलो 700 ग्रॅम नत्र. ते जमिनीत पडलं, पाणी मिळालं, की त्याचं रूप पालटतं आणि पिकाची मुळं ते शोषून घेतात. पिकाच्या अंगात या नत्रापासून आधी अमिनो आम्लं तयार होतात. ही आम्लं माळेतल्या मण्यांसारखी एकापुढं एक जोडली गेली, की त्यांचं प्रथिन बनतं. ओंबी निसवेपर्यंत यातलं बरंचसं पानात आणि खोडात साठून राहतं. दाणा भरू लागला की पानातलं प्रथिन मोडतं, त्यातलं नत्र दाण्याकडे धावतं आणि तिथं त्याचं पुन्हा प्रथिन होतं. दाणा पिकताना पान पिवळं पडतं, त्याचं एक मोठं कारण हेच.

नत्र आणि प्रथिन यांचं नातं इतकं जवळचं आहे, की धान्यातलं प्रथिन मोजायचं झालं तर प्रयोगशाळेत नत्रच मोजतात. डेन्मार्कमधील कोपनहेगन येथे योहान केल्डाल नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने 1883 साली ही पद्धत शोधून काढली. दाण्याचं पीठ आम्लात उकळायचं, त्यातलं नत्र मोजायचं, आणि आलेल्या आकड्याला सर्वसाधारणपणे 6.25 ने गुणायचं. गव्हासाठी 5.7 ने गुणतात. आला तो प्रथिनाचा टक्का.

पण बंधूंनो, इथंच पहिली गफलत होते. हा आकडा नत्राचा आहे. प्रथिन चांगलं की हिणकस, हे तो सांगत नाही. मुळात ते प्रथिन आहे की दुसरंच काही, हेही तो सांगत नाही. 2008 साली चीनमध्ये दुधात मेलामाइन नावाचं रसायन मिसळल्याचं उघड झालं. त्यात सुमारे 66 टक्के नत्र असतं. पाणी घातलेल्या दुधाचा प्रथिनाचा आकडा त्यामुळे तपासणीत फुगून दिसे. सुमारे तीन लाख लेकरं आजारी पडली आणि सहा दगावली. आपण दूध डेअरीला घालणारी माणसं, ही गोष्ट आपल्याला वेगळी समजावून सांगायला नको. आपल्या गव्हात अशी भेसळ कोणी करत नाही, पण धडा तोच आहे. नत्राचा आकडा वाढला म्हणजे अन्नाचा कस तेवढाच वाढला, असं समजून चालू नये.

कस म्हणजे काय?

आपल्या शरीराला प्रथिन हवं असतं ते त्यातल्या अमिनो आम्लांसाठी. त्यांतली नऊ आम्लं अशी आहेत, की ती माणसाचं शरीर स्वतः बनवू शकत नाही. ती अन्नातूनच यावी लागतात. या नवांतलं एक जरी कमी पडलं, तरी बाकीची आठ मुबलक असून त्यांचा पुरता उपयोग होत नाही. नांगराला एक बैल दांडगा आणि एक थकलेला जुंपला, तर नांगर चालतो तो थकलेल्या बैलाच्या चालीनं. इथंही तसंच.

आपल्या धान्यातला हा थकलेला बैल म्हणजे लायसीन नावाचं अमिनो आम्ल. मुलांची वाढ, स्नायूंची बांधणी, झीज भरून काढणं, या सगळ्याला ते लागतं. मोठ्या माणसाच्या आहारात दर एक ग्रॅम प्रथिनामागे 45 मिलिग्रॅम लायसीन असावं, असं जागतिक तज्ज्ञांनी 2007 साली ठरवलं. वाढत्या मुलांना ते याहून थोडं जास्तच लागतं. आता आपल्या धान्यात किती असतं ते पाहा. हे सगळे आकडे एक ग्रॅम प्रथिनामागचे आहेत आणि ढोबळ आहेत:

ज्वारी: 20 ते 22 मिलिग्रॅम
गहू: 27 च्या आसपास
भुईमूग: 35
तांदूळ: 36
सोयाबीन: 63
तूर, हरभरा: 65 ते 70
दूध: 75 ते 80

म्हणजे गरज 45 ची, आणि गहू देतो 27. ज्वारी तर निम्म्यापर्यंतही पोचत नाही. याचा अर्थ ज्वारी वाईट, असा मुळीच करू नका. पिढ्यान्‌पिढ्या आपण भाकरीवर कष्ट केले आहेत. अर्थ एवढाच, की भाकरीला जोडीदार हवा. तो कोणता, ते पुढं सांगतो.

जास्त नत्र दिल्यावर दाण्यात काय होतं?

आता मावशींच्या प्रश्नाकडे येऊ. ऑस्बोर्न नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने गव्हाच्या प्रथिनांवर पुष्कळ काम केलं आणि 1907 साली ते ग्रंथरूपानं प्रसिद्ध केलं. दाण्यातली प्रथिनं कशात विरघळतात, त्यावरून त्याने त्यांचे चार गट पाडले. आपल्या कामापुरते आपण दोनच समजून घेऊ. एक गट दाण्याच्या कामकाजाचा. ही प्रथिनं मुख्यतः अंकुरात आणि कोंड्याच्या आतल्या थरात असतात, आणि त्यांत लायसीन चांगलं असतं. दुसरा गट साठ्याचा. ही प्रथिनं दाण्याच्या मधल्या पिठूळ भागात साठतात. गव्हातल्या चिकट प्रथिनाचा मोठा भाग यांचाच. ज्वारीत त्यांना काफिरिन म्हणतात, मक्यात झेइन. यांत लायसीन फारच थोडं.

पिकाला नत्र बेताचं मिळालं, तर ते आधी कामकाजाची प्रथिनं पुरी करतं. त्यावर नत्र मिळालं, की वरचं सगळं साठ्यात जातं. दाणा हे साठवण आपल्यासाठी करत नाही. उद्या उगवणाऱ्या आपल्या कोंबासाठी करतो. कोंबाला नत्र मिळालं की झालं, त्यात लायसीन किती याची त्याला फिकीर नाही. फिकीर आपल्याला आहे.

उदाहरणादाखल हिशोब मांडू. एका गव्हात प्रथिन 9 टक्के आहे आणि एक ग्रॅम प्रथिनामागे लायसीन 31 मिलिग्रॅम आहे. म्हणजे 100 ग्रॅम गव्हात लायसीन 279 मिलिग्रॅम. त्याच वाणाला नत्र भरपूर मिळालं, प्रथिन 13 टक्क्यांवर गेलं आणि लायसीनचं प्रमाण 27 वर उतरलं. म्हणजे 100 ग्रॅम गव्हात लायसीन 351 मिलिग्रॅम. प्रथिन वाढलं 44 टक्क्यांनी, लायसीन वाढलं 26 टक्क्यांनी. फायदा झाला नाही असं नाही. पण जेवढा दिसतो तेवढा झाला नाही, आणि गरजेच्या 45 या आकड्यापासून गहू आणखी दूर गेला.

हिशोबासाठी मी 9 आणि 13 असे लांबचे आकडे घेतले. ज्या रानात शिफारशीप्रमाणे खत पडतंच आहे, तिथं युरिया दुप्पट केल्यानं प्रथिन दुप्पट होत नसतं. टक्का-दोन टक्क्यांचा फरक पडला तरी पुष्कळ. ज्वारीत आणि मक्यात ही गोष्ट गव्हाहून जास्त जाणवते, कारण त्यांचा साठा लायसीनला फारच पारखा आहे. भातात कमी जाणवते, कारण भाताच्या साठ्याची प्रथिनं निराळ्या जातीची आहेत.

मग गव्हाला नत्र द्यायचं की नाही?

द्यायचंच. माझ्या बोलण्याचा असा अर्थ काढू नका, की खत बंद करा. नत्राशिवाय फुटवे नाहीत, ओंबी भरत नाही, उत्पन्न नाही. आणि मावशींची चपाती लवत होती, तीही नत्राचीच करामत. साठ्याची जी चिकट प्रथिनं आहेत, ती कणीक मळताना पाणी पिऊन जाळं धरतात. त्यानं चपाती मऊ राहते, तुटत नाही. म्हणजे लवणारी चपाती ही चिकट प्रथिनाची खूण झाली, लायसीनची नव्हे. एवढा फरक मनात पक्का ठेवा.

नत्र कमी पडल्याची खूण दाण्यावरही दिसते. बन्सी गव्हाचा चांगला दाणा काचेसारखा, अंबरी दिसतो. नत्राची उपासमार झाली, की त्यावर पिवळसर पांढरे, पिठूळ डाग पडतात. असा माल व्यापारी लगेच ओळखतो आणि भाव पाडतो. मळणीनंतर मूठभर दाणे उन्हात धरून पाहा. दाणा तुम्हाला खताचा हिशोब सांगेल.

आता मात्रा. वेळेवर पेरलेल्या बागायती गव्हाला हेक्टरी 120 किलो नत्र, 60 किलो स्फुरद आणि 40 किलो पालाश अशी आपल्याकडची शिफारस आहे. एकरी हिशोब केला तर 48, 24 आणि 16 किलो. युरिया, सिंगल सुपर फॉस्फेट आणि म्युरेट ऑफ पोटॅश वापरायचं ठरवलं, तर एकराला युरिया साधारण 104 किलो, सुपर फॉस्फेट 150 किलो आणि पोटॅश 27 किलो लागेल. निम्मा युरिया आणि बाकीचं सगळं खत पेरणीबरोबर द्यावं. उरलेला निम्मा युरिया तीन आठवड्यांनी, मुकुटमुळं फुटण्याच्या वेळच्या पाण्याआधी द्यावा. ऊस काढून उशिरा पेरलेल्या गव्हाला नत्र यापेक्षा कमी लागतं, कारण त्याला वाढायला दिवसच कमी मिळतात. माती तपासून मात्रा ठरवली, तर सगळ्यांत चांगलं.

नत्र कधी पडलं यालाही महत्त्व आहे. लवकर दिलेलं नत्र फुटवे आणि उत्पन्न वाढवतं. फुलोऱ्याच्या सुमारास मिळालेलं नत्र दाण्यातलं प्रथिन वाढवतं. म्हणून काही शेतकरी चीक भरताना दोन टक्के युरियाची, म्हणजे 10 लिटर पाण्याला 200 ग्रॅम अशी फवारणी करतात. त्यानं प्रथिनाचा टक्का किंचित वाढतो. पण वर सांगितलं ते इथंही लागू आहे. वाढतो तो मुख्यतः साठाच. फवारणी करायचीच असेल तर ऊन उतरल्यावर करावी, नाहीतर पानं करपतात.

उसाच्या पट्ट्यातल्या मंडळींना तीन गोष्टी आवर्जून सांगायच्या आहेत.

पहिली, पाचटाची. पाचट जाळू नका, हे बरोबरच आहे. पण कोरडं पाचट गाडून लगेच गहू पेरला, तर ते कुजवणारे जीवाणू जमिनीतलं नत्र आधी स्वतः खातात. गहू पिवळा पडतो. अशा वेळी पाचट कुजवण्यासाठी थोडा युरिया आणि पुरेसा ओलावा आधीच द्या, कुजायला अवधी द्या, मग पेरा.

दुसरी, खारवट-चोपण जमिनीची. कृष्णाकाठी अशी रानं थोडीथोडकी नाहीत. चोपण रानात वर फेकलेला युरिया अमोनिया होऊन हवेत उडून जातो. तो मातीआड करा आणि लगेच पाणी द्या. नाहीतर पैसे तुमचे आणि खत वाऱ्याचं, अशी गत होते.

तिसरी, गंधकाची. ही गोष्ट आपण फार विसरतो. प्रथिनाच्या काही आम्लांत गंधक असतंच. नत्र भरपूर आणि गंधक कमी असेल तर प्रथिन नीट बांधलं जात नाही, आणि कणकेचीही चिकाटी बिघडते. दाण्यात सतरा भाग नत्राला निदान एक भाग गंधक असावं, असं मानतात. वर्षानुवर्षं नुसता युरिया आणि डीएपी टाकणाऱ्या रानात गंधक घटत जातं. सुपर फॉस्फेटमध्ये सुमारे 11 टक्के गंधक असतं. वर सांगितलेल्या 150 किलोतून साडेसोळा किलो गंधक आपोआप पडतं. त्यासाठी वेगळा खर्च नाही.

आणि जास्तीचं नत्र? ते पिकाला हिरवंगार दाखवतं आणि आडवं पाडतं. लुसलुशीत पानावर मावा वाढतो, तांबेऱ्याला वाव मिळतो. पिकानं न घेतलेलं नत्र पाण्याबरोबर खाली विहिरीत उतरतं, आणि तेच पाणी आपण पितो.

टक्क्याच्या मागे लागू नका

जत, आटपाडी, कवठेमहांकाळकडच्या शाळू करणाऱ्या बंधूंसाठी एक सांगतो. ओल तुटली आणि दाणा चिमला, की त्यातल्या प्रथिनाचा टक्का वाढलेला दिसतो. कारण पीठ भरलंच नाही, प्रथिन तेवढंच राहिलं. टक्का वाढला, पण पोतं हलकं झालं. उलट पीक भरघोस आलं, की टक्का थोडा उतरतो. म्हणून नुसता टक्का पाहून फसू नका. टक्का आणि उतारा दोन्ही पाहा.

कोरडवाहू रब्बी ज्वारीला मध्यम जमिनीत हेक्टरी 40 किलो नत्र आणि 20 किलो स्फुरद, भारी जमिनीत 60 आणि 30, हे सगळं पेरतानाच दोन चाड्यांच्या पाभरीनं बियांखाली द्यावं. ओल नसताना वरून युरिया फेकणं म्हणजे पैसे फेकणं. खरिपात आधी मूग किंवा उडीद घेतला असेल, तर रानाला त्याचा फायदा मिळतोच.

चांगलं वाण असलं म्हणजे झालं का?

वाणाचा फरक मोठा आहे यात शंका नाही. आपल्याच शेजारचं उदाहरण घ्या. सातारा जिल्ह्यात कोरेगाव तालुक्यात करंजखोप गाव आहे. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेचा एमएसीएस 6478 हा गहू तिथल्या शेतकऱ्यांनी लावला. पूर्वी हेक्टरी 25 ते 30 क्विंटल गहू होत असे, तो 45 ते 60 क्विंटलपर्यंत गेल्याचं 2021 साली जाहीर झालं. या गव्हात प्रथिन सुमारे 14 टक्के असून जस्त आणि लोहही चांगलं आहे. उत्पन्न आणि प्रथिन दोन्ही हवं, तर अंदाजानं युरिया वाढवण्यापेक्षा असं वाण निवडणं केव्हाही शहाणपणाचं.

पण मुळात लायसीनच जास्त असलेलं धान्य निघालं तर? तसे प्रयत्नही झाले. 1964 साली अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठात मक्याचा असा एक प्रकार सापडला, की त्यात लायसीन नेहमीच्या मक्यापेक्षा पुष्कळच जास्त होतं. पण त्याचा दाणा मऊ, खडूसारखा होता. उतारा कमी येई आणि कीड लवकर लागे. मेक्सिकोतल्या आंतरराष्ट्रीय मका-गहू केंद्रात सुरिंदर वसल हे आपले भारतीय शास्त्रज्ञ आणि एव्हांजेलिना विलेगास यांनी वर्षानुवर्षं खपून तो दाणा कठीण केला. त्याबद्दल त्यांना 2000 सालचं जागतिक अन्न पारितोषिक मिळालं.

ज्वारीतही 1973 साली इथिओपियातल्या दोन वाणांत लायसीन जास्त आढळलं. तिथले शेतकरी ती ज्वारी मोठ्या पिकासाठी लावत नसत. थोडी लावत आणि कोवळेपणी भाजून खात, आपल्या हुरड्यासारखी. कारण वाळल्यावर तिचा दाणा सुरकुतलेला, हलका होई. आपल्या मालदांडीसारखा टपोरा मोत्यासारखा दाणा आणि भरपूर लायसीन, असा योग आपल्या रानात अजून जुळलेला नाही. तोवर पोराला उपाशी ठेवायचं का? नाही. उपाय आपल्या घरात आहे.

भाकरीचा जोडीदार

डाळींत लायसीन भरपूर, पण मेथिओनीन नावाचं दुसरं आम्ल कमी. धान्यात मेथिओनीन पुरेसं, पण लायसीन कमी. दोघांची जोडी जमली, की दोन्ही बैल बरोबरीनं चालतात. तीन भाग धान्य आणि एक भाग डाळ, असं प्रमाण हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने सांगितलं आहे.

हाही हिशोब करून पाहू. 300 ग्रॅम गव्हाच्या पिठात 36 ग्रॅम प्रथिन धरा. प्रत्येक ग्रॅममागे लायसीन 27 मिलिग्रॅमच. आता त्याबरोबर 100 ग्रॅम तूरडाळ खाल्ली. डाळीचं 22 ग्रॅम प्रथिन आणि त्यातलं भरपूर लायसीन मिळून सरासरी निघते ग्रॅममागे 43 च्या आसपास. गरज 45 ची. वर वाटीभर दूध किंवा दही आलं, की उरलेली कसरही भरून निघाली. बघा, युरियाच्या कितीही पोत्यांनी जे झालं नसतं, ते डाळीच्या आमटीनं केलं.

आता एक कटू गोष्ट. आपण सातारा-सांगलीकडची माणसं शेंगदाण्याच्या चटणीवर जीव टाकणारी. भाकरी-चटणी म्हणजे पोटभर जेवण, असं आपण मानतो. शेंगदाण्यात प्रथिन आणि तेल भरपूर आहे, पण लायसीन ग्रॅममागे 35 च. म्हणजे भाकरीची उणीव चटणी पुरती भरून काढत नाही. चटणी जरूर खा, पण तिच्या बरोबर पिठलं, मटकीची उसळ, हुलग्याचं माडगं, ताक असं काहीतरी असू द्या. आपल्या आज्या धपाट्यात ज्वारीबरोबर हरभऱ्याचं पीठ घालायच्या. त्यांना लायसीन माहीत नव्हतं, पण जोडी बरोबर जमली होती. खपलीची खीर दुधाबरोबर खायची रीतही अशीच शहाणी.

सोयाबीन आपण खरिपात पिकवतो आणि पोत्यानं बाजारात नेतो. घरात शेरभरही ठेवत नाही. थोडं ठेवा. मात्र कच्चं सोयाबीन दळू नका. त्यात प्रथिन पचू न देणारे घटक असतात. स्वच्छ सोयाबीन उकळत्या पाण्यात 20 ते 25 मिनिटं ठेवा, उन्हात खडखडीत वाळवा, आणि मग 10 किलो गव्हाला एक किलो या प्रमाणात दळून आणा. चपातीच्या चवीत फारसा फरक पडत नाही.

पीठ बारीक चाळून कोंडा फेकण्याची सवयही सोडा. लायसीन जास्त असलेली प्रथिनं कोंड्याच्या आतल्या थरात आणि अंकुरात असतात, हे वर सांगितलंच. मैद्यात ती उरत नाहीत.

डाळ महाग पडते, हे मला कळतं. पण आपण शेतकरी आहोत. उसाच्या सरीत हरभरा घेता येतो. बांधाला तुरीची ओळ लावता येते. पेरताना हरभऱ्याच्या 10 किलो बियाण्याला रायझोबियमचं 250 ग्रॅमचं पाकीट चोळा. मुळांवर गाठी येतील आणि त्यातले जीवाणू हवेतलं नत्र पिकाला आणून देतील. म्हणजे हरभरा रानाचंही भागवतो आणि ताटाचंही.

आपल्या भागात कुक्कुटपालन करणारे पुष्कळजण आहेत. कोंबडीच्या खाद्याच्या पोत्यात मक्याबरोबर सोयाबीनची पेंड असते आणि वरून लायसीनही घातलेलं असतं. लायसीन कमी पडलं तर पक्ष्याचं वजन भरत नाही, हे त्यांना चांगलं माहीत आहे. पक्ष्याचं वजन आपण दर आठवड्याला करतो. पोराचं वजन शेवटचं कधी केलं होतं, ते आज घरी गेल्यावर आठवून पाहा. अंगणवाडीत काटा असतोच.

थोडक्यात ध्यानात ठेवा

1. नत्र दिल्यानं दाण्यातलं प्रथिन वाढतं, पण वाढतो तो मुख्यतः लायसीन कमी असलेला साठा.
2. नत्र शिफारशीइतकंच, दोन हप्त्यांत आणि मातीआड द्या. जोडीला गंधक विसरू नका.
3. प्रथिनासाठी युरिया वाढवण्यापेक्षा चांगलं वाण निवडा.
4. तीन भाग धान्याला एक भाग डाळ. पीठ कोंड्यासकट वापरा.
5. दरसाल थोडी तरी डाळ घरच्या खाण्यासाठी पेरा.

त्या मावशी हे वाचत असतील, किंवा कोणी त्यांना वाचून दाखवत असेल, तर त्यांना माझं सांगणं आहे. मावशी, तुमच्या थोरल्याचा गहू चांगलाच आहे, पण त्यात ताकद दुप्पट नाही. पुढच्या साली युरिया दुप्पट टाकू नका म्हणावं. वाचलेल्या पैशांत हरभऱ्याचं बी आणा. आणि नातवाची चपाती उद्यापासून चहात न बुडवता आमटीत कुस्करून द्या. चार घास कमी खाल्ले तरी चालतील, पण ते त्याच्या अंगाला लागतील.

नमस्कार.